हिरव्या अक्षरांची मुंबई

लिनक्सची काळी खिडकी तुम्ही पाहिली असेल. कॉलेजच्या लॅबमध्ये, यूट्यूबवरच्या हॅकिंगच्या व्हिडिओत, किंवा फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाकून. काळी पार्श्वभूमी, लुकलुकणारा कर्सर आणि नुसती अक्षरं. आमच्या धंद्यात ही खिडकी दिवसभर उघडी असते. मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरून एमआयडीसीतल्या आणि सीप्झमधल्या ऑफिसांकडे जे हजारो लोक रोज चालत जातात, त्यातले कितीतरी जण संध्याकाळपर्यंत या खिडकीत काहीतरी टाइप करत बसतात.

या खिडकीला आपण 'टर्मिनल' म्हणतो. खरं तर ती टर्मिनलची नक्कल आहे. तिचं तांत्रिक नावच 'टर्मिनल एम्युलेटर', म्हणजे टर्मिनल असल्याचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. ज्याचं सोंग घेतलंय ती वस्तू मात्र आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी कधी हात लावून पाहिलेली नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकताना 'टीटीवाय' ही तीन अक्षरं शेकडो वेळा समोर आली. ती 'टेलिटाइप' या लोखंडी यंत्राच्या नावावरून आलीत हे कुणी सांगितलं नव्हतं.

हा लेख त्या वस्तूबद्दल आहे. ती काय होती, मुंबईत कशी आली, तिच्यावर मराठी कशी उमटली, आणि आज ती नुसती काचेच्या कपाटात न ठेवता चालती ठेवायची तर काय काय करावं लागतं.

मेंदू दुसरीकडे, डोळे आणि बोटं इथे

साठच्या दशकात संगणक एक असायचा आणि वापरणारे अनेक. संगणक एका थंडगार खोलीत, आणि माणसं बाहेर. सुरुवातीला माणसं भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायची आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील कागद घेऊन जायची. मग 'टाइम-शेअरिंग' आलं. संगणक आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटून एकाच वेळी अनेकांशी बोलू लागला. पण बोलायचं कशातून? त्यासाठी प्रत्येकाच्या टेबलावर काहीतरी हवं होतं. ते काहीतरी म्हणजे टर्मिनल.

पहिली टर्मिनलं म्हणजे तारेच्या दुनियेतले टेलिप्रिंटर. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. पडदा नाही, कागदाची गुंडाळी. वेग सेकंदाला १० अक्षरं. आजही तुमच्या फोनमधल्या अक्षरसंकेतात त्या यंत्राच्या खुणा आहेत. ओळ संपल्यावर 'गाडी मागे आण' आणि 'कागद एक ओळ वर सरकव' अशा दोन वेगळ्या आज्ञा असतात, कारण त्या यंत्रात त्या दोन वेगळ्या हालचाली होत्या. 'डिलीट'चा क्रमांक १२७ आहे, कारण कागदी पट्टीवर चुकलेलं अक्षर पुसता येत नसे. म्हणून तिथली सातही भोकं पाडून टाकायची आणि यंत्राने त्याकडे दुर्लक्ष करायचं. सात भोकं म्हणजे सात एक, म्हणजे १२७.

मग कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या अमेरिकन कंपनीने व्हीटी-१०० हे टर्मिनल आणलं. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर, तीन किलोबाइट मेमरी, पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी. हे ८० कुठून आले? १९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड काढलं तिथून. कार्ड गेलं, रकाने राहिले. आजही कोड लिहिताना ओळ ८० अक्षरांच्या आत ठेवावी असा नियम कित्येक टीम पाळतात, आणि का ते विचारलं तर खांदे उडवतात.

व्हीटी-१०० चं मोठेपण पडद्यात नव्हतं, भाषेत होतं. संगणकाने 'एस्केप' हे न दिसणारं अक्षर पाठवायचं, पाठोपाठ चौकोनी कंस, मग आकडा आणि एक अक्षर. दोन आणि मोठा 'जे' आला की पडदा पुसायचा. सात आणि छोटा 'एम' आला की पुढची अक्षरं उलट्या रंगात दाखवायची. हे संकेत नंतर प्रमाण ठरले. तुमच्या लॅपटॉपवरची काळी खिडकी आजही हेच ऐकते. एक आज्ञा तर अशी आहे की संगणक टर्मिनलला विचारतो, 'तू कोण?' आजचे अनेक एम्युलेटर त्याला उत्तर देतात ते त्याच व्हीटी घराण्यातल्या एखाद्या यंत्राच्या नावाने.

आणखी एक उदाहरण. १९७६ सालच्या एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळांवरच बाण छापले होते. बर्कलीमध्ये बिल जॉयने त्याच यंत्रावर बसून 'व्हीआय' हा एडिटर लिहिला, म्हणून आजही त्यात कर्सर त्याच चार कळांनी फिरतो. त्याच टर्मिनलवर 'होम' आणि '~' एकाच कळीवर होते. म्हणून युनिक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरचं चिन्ह ते नागमोडी चिन्ह आहे.

हे सगळं पुस्तकात वाचलं की गंमत वाटते. पण त्या कीबोर्डवर बोटं ठेवली की ते पटतं. म्युझियममध्ये टर्मिनल चालू असण्याचा पहिला मुद्दा हाच.

कुलाब्यापासून सीप्झपर्यंत

भारतीय बनावटीचा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने १९५६ मध्ये एक छोटं प्रायोगिक यंत्र पूर्ण केलं आणि १९६० मध्ये मोठं यंत्र सुरू झालं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक हे नाव दिलं. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी फेराइट-कोअर मेमरी. त्यासोबत कॅथोड-रे नळीचा एक पडदाही होता, ज्यावर आलेख आणि अक्षरं उमटवता येत. संगणकाने मुंबईत काचेवर अक्षर काढलं ते साधारण तिथे.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेचा सीडीसी-३६०० आला. पुढे सत्तरच्या दशकात तिथेच सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने डेकचा 'डेकसिस्टिम-१०' आला. हा खऱ्या अर्थाने टाइम-शेअरिंगचा संगणक. अनेक टर्मिनलं, प्रत्येकावर एक माणूस, आणि प्रत्येकाला वाटणार की संगणक आपलाच आहे.

इकडे अंधेरीच्या पूर्वेला, मरोळला लागून, १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजेच आपलं सीप्झ, सुरू झालं. नावात सांताक्रूझ असलं तरी जागा ही. आज आत हिऱ्या-दागिन्यांचे कारखाने खूप आहेत, पण नावातला पहिला ई इलेक्ट्रॉनिक्सचा. त्या काळात संगणक आयात करणं म्हणजे परवान्यांचा डोंगर आणि जबर जकात. निर्यात क्षेत्रात ती जकात माफ होती. बदल्यात बाहेर माल विकून डॉलर आणायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी टाटा आणि अमेरिकेतली बरोज यांची भागीदारीतली टाटा बरोज कंपनी इथे उभी राहिली. मग सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या इतर कंपन्याही आल्या. भारताचा सॉफ्टवेअर उद्योग म्हटलं की लोकांना बंगळुरू आठवतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स तिथे उपग्रहाची तबकडी घेऊन १९८५ मध्ये पोचली, त्याच्या कितीतरी आधी सीप्झमध्ये लोक परदेशी ग्राहकांसाठी टर्मिनलसमोर बसून प्रोग्रॅम लिहीत होते.

पण टर्मिनल म्हणजे फक्त इंजिनिअर नव्हेत. जो कारकून खातेवही लिहायचा, त्याच्या टेबलावर हे यंत्र आलं तेव्हा त्याला आपली नोकरी जाणार असं वाटलं. ती भीती पोकळ नव्हती. साठच्या दशकात एलआयसीने संगणक आणायचं ठरवल्यावर कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला. केंद्र सरकारने यांत्रिकीकरणावर एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. संगणक कुठे आणावा, कुठे आणू नये, आणि आणला तर माणसांचं काय, यावर १९७२ मध्ये या समितीने अहवाल दिला. बँकांमध्ये तर संगणकीकरण किती आणि कसं करायचं यावर १९८३ मध्ये व्यवस्थापन आणि संघटनांमध्ये रीतसर करार झाला. आज एआय आपली नोकरी खाणार का अशी चर्चा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज होते. हीच चर्चा पन्नास वर्षांपूर्वी याच शहरात झाली होती, आणि तेव्हा टेबलावर वाटाघाटीला दोन्ही बाजू बसल्या होत्या. हे आम्हाला माहीत असायला हवं.

सामान्य मुंबईकराने टर्मिनल पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. सीएमसी या सरकारी कंपनीने बनवलेली आरक्षणाची यंत्रणा १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पाठोपाठ मुंबईत आली. त्याआधी प्रत्येक गाडीची वही एका ठरावीक खिडकीवर असायची. टर्मिनल आल्यावर कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. आज फोनवर तत्काळ तिकिटासाठी धडपडताना जी रांग दिसत नाही, ती रांग त्या हिरव्या अक्षरांनी पहिल्यांदा मोडली.

आणि इंटरनेट? जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचं आयआयटी यांच्यात १९८६-८७ मध्ये टेलिफोनच्या लाइनवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. भारतातल्या शैक्षणिक नेटवर्कची ती पहिली पावलं. जुहू आणि पवई. नकाशावर मरोळ या दोघांच्या मधे येतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सगळ्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारं होतं ते 'शेल अकाउंट'. मोडेमची किरकिर संपली की समोर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. घरच्या पीसीवरचा प्रोग्रॅम व्हीटी-१०० असल्याचं सोंग घ्यायचा आणि दूरच्या संगणकाला ते खरं वाटायचं. म्हणजे भारतातल्या अनेकांचं पहिलं इंटरनेट हे टर्मिनलवरचंच होतं.

टर्मिनल मराठी कसं बोललं

या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे.

टर्मिनलच्या रचनेत एक गंमत असते. संगणक फक्त क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाला कुठला आकार द्यायचा, हे टर्मिनल ठरवतं. मग संगणकातला प्रोग्रॅम न बदलता फक्त टर्मिनल बदललं तर? तोच प्रोग्रॅम मराठी दाखवू शकेल.

आयआयटी कानपूरमध्ये हाच विचार झाला. तिथे देवनागरी टर्मिनलवर काम झालं आणि १९८३ मध्ये दिल्लीतल्या विश्व हिंदी संमेलनात ते लोकांसमोर आलं. त्या कामात मोहन तांबे हे महत्त्वाचं नाव. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे तंत्रज्ञान 'जिस्ट' या नावाने तिथे गेलं. साध्या पीसीत बसवायचं एक कार्ड आणि युनिक्सच्या संगणकाला जोडायची जिस्ट टर्मिनलं, अशा दोन्ही रूपांत ते सरकारी कचेऱ्यांत पोचलं. ज्या डॉसच्या प्रोग्रॅमला देवनागरी नावाची लिपी असते हेही माहीत नव्हतं, त्यात मराठी नावांच्या याद्या भरल्या जाऊ लागल्या.

यामागचा नियम 'इस्की' या संकेतात मांडला होता. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. नियम साधा आहे. अक्षराचा आकार साठवायचा नाही, उच्चार साठवायचा. 'क्ष' हे वेगळं चिन्ह नाही. क, हलन्त, ष असे तीन क्रमांक. त्यांची जोडणी करून आकार काढणं हे टर्मिनलचं काम. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच क्रम. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतली. म्हणूनच आज युनिकोडमध्ये देवनागरी 'क' २३२५ वर आहे, बंगाली 'क' २४५३ वर आणि गुजराती 'क' २७०९ वर. फरक १२८ च्या पटीत. तुम्ही आत्ता हा लेख फोनवर वाचताय, त्यातलं प्रत्येक जोडाक्षर त्याच पद्धतीने तुमच्या फोनमध्ये जुळवलं जातंय.

यात मराठीचा एक खास प्रश्न होता. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक आहे: एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदीला हा आडवा, पापणीसारखा र लागत नाही, मराठीला त्याच्याशिवाय चालत नाही. इस्कीमध्ये त्यासाठी नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडायची सोय केली, आणि युनिकोडने ती तशीच उचलली. लिपीचे नियम ठरवताना कुणीतरी मराठी शब्द समोर ठेवले होते, म्हणून आज लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आचाऱ्यांचा नंबर मागताना आपण आचार्यांना फोन लावत नाही.

आता उलटी बाजू. आजच्या काळ्या खिडकीत मराठी टाइप करून बघा. बऱ्याच एम्युलेटरमध्ये वेलांटी एका चौकटीत, अक्षर दुसऱ्या, जोडाक्षर तुटलेलं दिसेल. कारण ही खिडकी अमेरिकन यंत्राची नक्कल आहे, जिथे एक अक्षर म्हणजे एक चौकट. भारतीय लिपीसाठी वेगळा विचार करणारं टर्मिनल ऐंशीच्या दशकात कानपूर-पुण्यात बनलं होतं. पण जगभरच्या प्रोग्रॅमरांनी ज्याची नक्कल केली, ते टर्मिनल हे नव्हतं. जे यंत्र आपण चालू ठेवलं नाही, त्याची नक्कल कोण कशी करणार?

चालू ठेवणं म्हणजे नेमकं काय

जुनं टर्मिनल सापडलं तर पहिला मोह होतो प्लग लावून बघण्याचा. तो आवरायचा. तीस-चाळीस वर्षं बंद पडलेल्या यंत्रातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले किंवा गळलेले असतात. वीज आत शिरते तिथे बसवलेले काही जुने कागदी कपॅसिटर तर व्होल्टेज मिळताच फुटून खोलीभर धूर करतात. आणि पडद्याच्या नळीला लागतं दहा हजारांहून अधिक व्होल्ट. प्लग काढल्यावरही नळीत तो भार राहू शकतो. ज्याला नळीचा भार सुरक्षित उतरवता येतो, त्यानेच मागचं झाकण उघडावं. टीव्ही दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक हे जाणतात. यूट्यूब बघून शिकायची ही गोष्ट नाही.

मुंबईत त्यात भर पडते हवेची. चार महिने पाऊस, बारा महिने दमटपणा, समुद्राकडून येणारा खारा वारा. कनेक्टरच्या पितळेवर हिरवट थर चढतो, स्टीलच्या चौकटी गंजतात. काही पडद्यांमध्ये नळी आणि पुढची संरक्षक काच यांच्यात एक चिकट थर असतो. तो कडेने सडत जातो आणि पडद्याला मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. काही कीबोर्डांत कळीखाली फोमची चकती असते. तिचा वर्षांनी भुगा होतो आणि कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. प्लॅस्टिक पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते पुन्हा उजळता येतं, पण उजळावं का यावर म्युझियमवाल्यांचं एकमत नाही. पिवळेपणा हाही त्या यंत्राच्या आयुष्याचा भाग आहे असं काहींचं म्हणणं.

मग काम कसं चालतं? आधी फोटो, प्रत्येक बाजूने, प्रत्येक लेबलचे. कळांवर हाताने चिकटवलेल्या चिठ्ठ्या असतील तर त्या काढायच्या नाहीत. कुणी, कुठे, कशासाठी ते वापरलं याची तीच कागदपत्रं. मग साफसफाई. मग आतल्या रॉम चिपमधला प्रोग्रॅम वाचून त्याची प्रत जपायची, कारण त्या चिपमधले बिट काळानुसार पुसट होतात आणि एकदा गेले की त्या यंत्राचा स्वभावच गेला. मग वीजपुरवठा वेगळा काढून तपासायचा. खराब भाग बदलायचे, पण काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवायचा. पुढच्या माणसाला मूळ काय आणि नवीन काय हे कळलं पाहिजे. मगच हळूहळू व्होल्टेज वाढवत चालू करायचं.

पडदा उजळला तरी टर्मिनल एकटं काही करू शकत नाही. त्याला बोलायला कुणीतरी लागतं. इथे आमच्या पिढीचं काम सोपं आहे. पंचवीस पिनांच्या सिरियल पोर्टला यूएसबीचा अडॅप्टर लावायचा, दुसऱ्या टोकाला रास्पबेरी पाय. त्यावर लिनक्स आहेच, आणि लिनक्सला आजही सिरियल लाइनवर लॉगिन कसं द्यायचं हे माहीत आहे. जुन्या डेक संगणकांची नक्कल करणारं सिमएच नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ९,६०० बॉडवर अक्षरं एकेक करून येताना दिसली की कळतं, जुन्या प्रोग्रॅमचे संदेश इतके तुटक का असायचे. प्रत्येक अक्षराला वेळ लागायचा.

म्युझियम कुणाच्या भरवशावर

जगात असं काम करणाऱ्या जागा आहेत. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आयबीएम-१४०१ हे १९५९ सालचं यंत्र स्वयंसेवकांनी दुरुस्त करून चालतं केलंय. त्यातले कित्येक आयबीएमचे निवृत्त इंजिनिअर. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारात नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये जुनी यंत्रं पाहुण्यांसमोर चालवली जातात.

सिएटलमध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी 'लिव्हिंग कॉम्प्युटर्स' नावाचं म्युझियम काढलं होतं. तिथे टेलिटाइपवर बसून टाइप करता यायचं, आणि जगात कुठूनही त्यांच्या डेकच्या जुन्या संगणकांवर लॉगिन करता यायचं. कुलाब्यात जो डेकसिस्टिम-१० होता, त्याच घराण्यातलं यंत्र. मरोळमधल्या खोलीतून त्यावर आज्ञा देता यायची. २०१८ मध्ये ॲलन गेले, २०२० मध्ये कोविडच्या काळात म्युझियम बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही, आणि २०२४ मध्ये त्यातल्या अनेक वस्तू क्रिस्टीज या लिलावगृहात विकल्या गेल्या. एका श्रीमंत माणसाच्या हौसेवर उभं राहिलेलं म्युझियम त्याच्या मागे टिकेलच असं नाही. यंत्राइतकीच संस्था चालू ठेवावी लागते.

यावर कुणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे छंद आहेत. मला ते पटत नाही, कारण जुनी यंत्रं चालती ठेवणं हा भारतीय संगणक क्षेत्राचा छंद नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता. आयबीएम भारतात जे १४०१ देत असे, ते बरेचसे परदेशात वापरून झालेले आणि इथे दुरुस्त केलेले. १९७८ मध्ये परकीय चलन कायद्याखाली भारतीय भागीदार घेण्याऐवजी आयबीएम देश सोडून गेली, तेव्हा देशभरातल्या शेकडो ठिकाणची तिची यंत्रं एका रात्रीत पोरकी झाली. ती चालू ठेवायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. नावच होतं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. सुटे भाग नाहीत, बनवणारी कंपनी देशात नाही, आणि बँक, विमा, रेल्वे थांबून चालणार नाही. ज्यांनी हे निभावलं, त्यांना जुनं टर्मिनल म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. उलट त्यांच्याकडून शिकायचं आहे. पण सत्तरच्या दशकात पंचविशीत असलेली ती माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. यंत्राचा कपॅसिटर बदलता येतो. बंद पडलेली लाइन आवाजावरून ओळखण्याचं त्यांचं कसब कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

यंत्रांचंही तेच. ऑफिस हललं की जुनं सामान वजनावर जातं. कुर्ला, साकीनाक्याच्या भंगार गल्ल्यांत टर्मिनलची किंमत आतल्या तांब्याची. काचेत शिसं असल्यामुळे पडदा तर डोकेदुखीच. ई-कचऱ्याचे नियम आता कडक झालेत आणि ते व्हायलाच हवे होते. पण नियमांच्या यादीत जुनं टर्मिनल हा फक्त कचरा आहे. त्याला वारसा म्हणणारं कुणीतरी त्या गाडीच्या आधी पोचलं पाहिजे.

म्हणून माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. सीप्झच्या आसपास, मेट्रोतून उतरून पाच मिनिटांत चालत जाता येईल अशी एक खोली. त्यात पाच-सहा टर्मिनलं, जोडलेली, चालू. एकावर आरक्षणाच्या खिडकीसारखा प्रोग्रॅम, एकावर १९९५ चं शेल अकाउंट, एकावर जिस्ट. शाळेतल्या मुलाने येऊन 'दऱ्या' टाइप करावं आणि तो आडवा र पडद्यावर जुळताना बघावा. आठवड्यातून एक दिवस एखादे निवृत्त इंजिनिअर काका किंवा डेटा एंट्री केलेल्या मावशी येऊन बसाव्यात. खर्चाचा हिशेब केला तर आमच्यासारख्या एखाद्या ऑफिसच्या वर्षाच्या सॉफ्टवेअर लायसन्सपेक्षा तो कमीच निघेल.

ती खोली होईल तेव्हा होईल. तोवर एक काम फोनवर करता येतं. तुमच्या घरात, सोसायटीत, नात्यात कुणीतरी एलआयसीत, बँकेत, रेल्वेत, टेलिफोनमध्ये किंवा सीप्झमध्ये नोकरी केलेली असेल. त्यांना विचारा की त्यांच्या टेबलावर पहिलं टर्मिनल कधी आलं, ते कुठल्या कंपनीचं होतं, त्यावर सकाळी सगळ्यात आधी काय टाइप करायचे, संप झाला होता का, पाळी किती तासांची होती, डोळे दुखायचे का. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. जुन्या ऑफिसचा एखादा फोटो निघाला तर त्याच्या मागे नावं आणि साल लिहून घ्या. आणि कुणी सांगितलं की माळ्यावर अजून तो डबा पडलाय, तर त्याचा प्लग मात्र लावू नका.